ग्रोमार्कची खोपीवाली

गेल्या फेब्रुवारीपर्यंत गुन्वोरनं एकही राक्षस मारला नव्हता. चाळीस वर्षं आमच्या टेबलाशी बसून! मी मारले, स्टूरेनं मारले, मध्ये दोन हिवाळे येऊन गेलेल्या त्या दंतवैद्यानंसुद्धा एक मारला आणि महिनाभर त्याचीच टिमकी वाजवली. गुन्वोर मात्र खोपी सांभाळत बसली. आणि मग दक्षिणेतल्या गोथेनबर्गहून एक शहाणा आला नि म्हणाला, त्या खोपी म्हणजे हिशेबातली चूक आहे. माझं डोकंच फिरलं.

थांबा, आधी खेळ काय ते सांगते, नाहीतर म्हणाल म्हातारी बरळतेय. चार-पाच माणसं टेबलाभोवती बसतात. एक सूत्रधार असतो. तो सांगतो, तुम्ही अमुक गावात आहात, समोर नदी आहे, पूल तुटलाय. बाकीच्यांनी एकेक पात्र घेतलेलं असतं. आपापलं पात्र काय करतं ते आपण बोलायचं. उडी जमली का नाही, तलवार लागली का नाही, असं अडलं की फासे टाकायचे. बस, एवढंच. मी औषधांच्या दुकानात गल्ल्यावर उभी राहून म्हातारी झाले, पण रविवारी मी ग्रुम नावाचा दाढीवाला बुटका असते. हातात कुऱ्हाड, तोंडात शिव्या. लाज कसली त्यात?

ज्या जगात आम्ही खेळतो ते ग्रोमार्क. ते रचलं स्टूरेनं. इथे ओस्तरसुंदच्या शाळेत गणित शिकवायचा तो. आमचं टेबल अभ्यासमंडळाच्या इमारतीच्या तळघरात. वर सोमवारी भरतकामवाल्या येतात, रविवारी खाली आम्ही. पहिल्या हिवाळ्यात आम्ही तिघंच होतो: स्टूरे, त्याचा भाऊ आणि मी. तळघरात बसून भुताखेतांचे खेळ खेळणारी मुलगी म्हणून माझ्या आईला तोंड दाखवायला जागा नव्हती, असं ती म्हणायची.

आणि एका रविवारी दार उघडून बसचालकाचा निळा कोट घातलेली बाई आत आली. तिशीची असेल. पितळी बटणं, टोपीवर बर्फ.

"कॉफीचा वास आला," ती म्हणाली. "शेवटच्या फेरीला वेळ आहे अजून. बसू का?"

"बस की," स्टूरे म्हणाला. "फक्त मध्ये बोलू नको."

ती गुन्वोर. तिला मध्ये बोलू नको म्हणणं म्हणजे... असो. कोपऱ्यात बसून तिनं खिशातून चीजचा तुकडा काढला, आमच्याकडे बुडवतात तसा कॉफीत बुडवला आणि ऐकत राहिली. आमची पात्रं एका गावातून निघून दुसऱ्या गावाला चालली होती. मध्ये अंतर सहा मैल. आमचा मैल दहा किलोमीटरचा, म्हणजे दोन दिवसांची चाल. स्टूरे म्हणाला, "अंधार पडला. बर्फ पडतंय."

"मग ते झोपणार कुठे?" कोपऱ्यातून आवाज.

"बर्फात. पांघरुणं आहेत त्यांच्याकडे."

"मरतील की रे!"

"फासे टाकून बघू ना मरतात का."

"फाशांनी ऊब येते होय? मी रोज अशाच वाटेनं बस नेते. दोन गावांच्या मध्ये काही नसलं की माणूस मरतो. मध्ये चूल असलेली एखादी खोप हवी."

स्टूरे चिडला. चिडला की त्याचे कान लाल होतात. "एवढं कळतं तर तूच सांग खोपीत काय आहे ते!"

तिनं खुर्ची ओढली आणि सांगितलं. चूल, वर टांगलेले ओले मोजे, एका डोळ्यानं आंधळी खोपीवाली, तिच्या मांडीवर आजारी कोंबडी. मी ग्रुमच्या आवाजात छाती पुढे काढून सुरू केलं, "आम्ही दक्षिणेच्या राजाचा खजिना शोधायला निघालेले—" तर ती म्हणते कशी, "मी विचारलं का तुला? आधी बूट काढ, पाय शेक."

त्या दिवसापासून तिचं ते कामच झालं. आम्ही गावात असलो की स्टूरे सूत्रधार, दोन गावांच्या मध्ये पोचलो की तो खुर्चीत मागे रेलायचा आणि म्हणायचा, "गुन्वोर, ये बाई." दर खोपीत वेगळं माणूस. एक जण झोपेत गायचा, एकीला सगळे पाहुणे आपला भाचाच वाटायचे. पण एक गोष्ट सगळ्यांत सारखी: कुणीही कधीही विचारायचं नाही, कुठून आलास, कुठे चाललास, का निघालास. मला तर याचा भारी राग यायचा. एवढा पराक्रम करून यावं आणि कुणी विचारूच नये?

आणि दुसरा नियम: निघताना पुढच्यासाठी सुकं लाकूड फोडून ठेवायचं, वर पेटवायला बर्चच्या झाडाची साल, काडीपेटी कोरडी. आमच्या डोंगरातल्या खोपींमध्ये खरोखरच ठेवतात तसं. स्टूरेनं तो नियम पुस्तकात घातला. जो लाकूड ठेवून जातो, त्याला पुढे एकदा हुकलेला फासा परत टाकता येतो. पुस्तक छापलं, हळूहळू देशभर गेलं. मी एकदा माल्मोच्या स्टेशनवर दोन अनोळखी पोरांना निरोप घेताना ऐकलं, "लाकूड ठेवून जा रे!" माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. गुन्वोरला सांगितलं तर म्हणाली, "असेल त्यांच्याकडेही थंडी."

ती अशीच. आपल्याबद्दल काही बोलेल तर शपथ. नवरा एवर्ट लाकडाच्या वखारीत होता. सहा वर्षांपूर्वी गेला. त्याच्याबद्दल मी कधी वाईट ऐकलं नाही, चांगलंही ऐकलं नाही. घर तळघरापासून चालत दहा मिनिटांवर. त्या घरात चाळीस वर्षांत मी पाऊल टाकलं नव्हतं, आणि मी काही कमी भोचक बाई नाही! दर रविवारी कोट घालून यायची, "फेरीला वेळ आहे" म्हणायची, सगळे गेल्यावर कप धुऊन निघायची. निवृत्त झाली, कोट गेला, ते वाक्य गेलं. ती मात्र येत राहिली. आता गुडघे दुखतात, डोळ्याची एकदा शस्त्रक्रिया झालीय. आठवडाभर ती घराबाहेर पडते ती दुकानात आणि इथे.

तर तो शहाणा. नाव मेल्कर, वय बत्तीस, तांबूस दाढी, हातात लॅपटॉप. बापाच्या कपाटातलं ग्रोमार्क वाचत लहानाचा मोठा झालेला. त्याच्या प्रकाशनाला ग्रोमार्कची नवी आवृत्ती काढायची होती, नव्या नियमांवर. खेळाचे नियम दर काही वर्षांनी बदलतात हो, जुनं जग नव्या नियमांत बसवून घ्यावं लागतं. नाहीतर नवी पोरं हात लावत नाहीत. पोरगा चांगला होता. दोन दिवस स्टूरेच्या स्वयंपाकघरात बसून त्यानं एकेक नदी, एकेक राजा तपासला. सोमवारी सकाळी नकाशा चित्रकाराकडे जायचा होता. रविवारी तो आमच्या तळघरात आला, तो स्टूरेच्या माळ्यावर सापडलेलं असली जगं कशी रचायची ते शिकवणारं एक जीर्ण इंग्रजी पुस्तक घेऊन.

"स्टूरे," तो जपून म्हणाला, "गावागावांतली अंतरं तू यातून घेतलीस ना?"

"हो. दर सहा मैलांवर एक गाव ठेवा, असं लिहिलंय त्यात. बघ, खूण आहे माझी."

"स्टूरे, हा इंग्रजी मैल आहे. दीड किलोमीटरच्या जरासा वर."

स्टूरेनं चष्मा काढला. पुसला. परत घातला. कान गाजरासारखे लाल. मला हसू आवरेना, पोट दुखेपर्यंत हसले. "अपूर्णांक शिकवलेस रे तू आमच्या पोरांना! गावच्या दोन पिढ्या नापास करायला हव्यात!"

"चाल मी आपल्या मैलात धरली," स्टूरे पुटपुटला. "दिवसाला तीन. ती बरोबर आहे."

"चाल बरोबर आहे," मेल्कर म्हणाला. "जग सहापट फुगलंय. खरं तर गावं अडीच-तीन तासांवर हवीत. सकाळी निघालं की दुपारच्या जेवणाला पुढच्या गावात." सगळ्यांची नजर गेली तिथेच त्याचीही गेली.

गुन्वोर कॉफीतलं चीज चमच्यानं काढत होती.

"मग खोपी?" मी विचारलं.

"म्हणजे... अंतर नाही म्हटल्यावर खोपी लागणार नाहीत. आणि नव्या नियमांत माणूस कुठेही रात्रभर झोपला की सकाळी बरा होतो, आगीची गरज नाही. पण आम्ही मागच्या पानावर एक चौकट देऊ, आठवण म्हणून. चालेल, गुन्वोर?"

गुन्वोरनं झटकन श्वास आत ओढला.

मेल्कर घाबरून उभाच राहिला. "काय होतंय तिला? पाणी आणू?"

"अरे बाळा, ती हो म्हणाली!" मी ओरडले. आमच्याकडे उत्तरेला हो म्हणण्यात तोंड कोण वाया घालवतंय; श्वास आत ओढला की झालं. दक्षिणेकडच्यांना वाटतं आम्हाला दम लागलाय. "आणि तू हो कशाला म्हणतेस गं? चाळीस वर्षं घातलीस त्यात! हा कालचा पोरगा येऊन मागच्या पानावर चौकट देतोय नि तू चीज खातेस? मेल्कर, सांगून ठेवते, खोपी गेल्या तर ही इथे येऊन करणार काय? भिंती बघत बसणार?"

ते बोलायला नको होतं. पण तेच तर खरं होतं. सगळ्यांच्या मनात तेच होतं. खोपी गेल्या की आमच्या टेबलाशी गुन्वोरला जागाच उरत नव्हती.

"गप गं मायलिस," गुन्वोर म्हणाली. "चूक ती चूक. मला बघायचंय."

"काय बघायचंय?"

"जवळजवळ असलेलं जग. माझा जन्म लांबच्या वाटांवर गेला. सकाळी निघून दुपारी पोचतो म्हणजे कसं वाटतं, बघू तर खरं. मेल्कर, मला एक पात्र करून दे. नव्या नियमांचं."

स्टूरे, मेल्कर आणि मी एकमेकांकडे बघायला लागलो. गुन्वोर आणि पात्र! मेल्करचा चेहरा उजळला. कोरा कागद काढून त्यानं विचारायला सुरुवात केली. नाव? टूवा. वय? एकोणीस. लढवय्यी, जादूगार, चोर?

"गवळण."

"बरं... आणि हिला विशेष काय येतं?"

गुन्वोरनं विचार केला. "चालता येतं."

"चालता सगळ्यांनाच येतं."

"असं तुला वाटतं."

मेल्कर सूत्रधार झाला, आणि खरं सांगते, मजा आली. टूवा सकाळी गावातून निघाली आणि दुपारी बाजारपेठेत! गुन्वोर टाळ्या पिटायची बाकी होती. "पोचले? इतक्यात? मग अजून उजेड आहे तर कंगवा घेते. आणि मासळीवालीशी भांडते." भांडली. फासा असा काही पडला की मासळीवालीनं रडत रडत दोन मासे फुकट दिले. मग तिनं घंटाघर बघितलं, एका वादकाला नाव विचारलं. मी आ वासून बघत होते. ही बाई जगात आल्या आल्या माणसांना प्रश्न विचारत सुटली होती.

परतीच्या वाटेवर मेल्करनं लांडगा आणला. साधासुधा नाही, दुतोंड्या.

"मारते," गुन्वोर म्हणाली.

"कशानं?"

"माशानं."

स्टूरेनं कपाळावर हात मारला. आमचा वीस बाजूंचा फासा टाकला, वीस. मोठ्यात मोठा आकडा! गोठलेल्या माशानं तिनं लांडग्याचं एक डोकं फोडलं आणि दुसरं पळून गेलं, म्हणजे धडासकट. आम्ही असे ओरडलो की वरून कुणीतरी जमीन ठोकली. चाळीस वर्षांनी गुन्वोरचा पहिला राक्षस! मेल्कर माझ्याकडे बघून हसत होता, बघ, आवडलं ना हिला? आणि मला वाटलं, चला, सुटलो. बाई रमली. खोपींचं ओझं उतरलं तिच्या डोक्यावरून.

"पण लांडगा चावलाय," मेल्कर गोष्ट पुढे नेत म्हणाला. "पायातून रक्त येतंय. अंधार पडला. समोर तुझं गाव दिसतंय, दिवे लागलेत. चालत दहा मिनिटं. घरी जातेस ना?"

"नाही," गुन्वोर म्हणाली.

"का? जवळच आहे."

"जवळ आहे, माहितीय मला."

"जखमी आहेस तू."

"हो."

"बरं, मग वाटेतच झोप. नियमाप्रमाणे सकाळी बरी होशील."

"इथे खोप नाही का कुठे?"

मेल्कर हसला, प्रेमानंच. "अगं, खोप कशाला? घर समोर दिसतंय की!"

"ते दिसतंयच रे," गुन्वोर म्हणाली. "तिला तिथे जायचं नाहीये. आता लगेच नाही. मग तिनं जायचं कुठे?"

मेल्करनं नियमांच्या पुस्तकाकडे हात नेला आणि तसाच ठेवला. मला आधी वाटलं, ती खेळतेय. मग तिच्या हाताकडे लक्ष गेलं. फासा मुठीत होता, आणि मूठ अशी आवळलेली की बोटं पांढरी पडली होती.

स्टूरे नकाशाकडे बघत होता. माणूस मैलात चुकला असेल, पण बेरीज-वजाबाकी त्याच्या डोक्यात सतत चालू असते.

"गुन्वोर," तो म्हणाला, "तुझा मार्ग स्ट्रोमसुंदचा होता ना?"

"हो."

"त्या मार्गावर रविवारी बस नसायची."

गुन्वोरनं श्वास आत ओढला. या वेळी मेल्करनं पाणी विचारलं नाही.

रविवारी बस नसते हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं! वेळापत्रक आमच्या दुकानाच्या दारावरच तर लावलेलं असायचं. तरी वर्षानुवर्षं दर रविवारी ती निळा कोट घालून यायची, शेवटच्या फेरीला वेळ आहे म्हणायची, आणि आम्ही म्हणायचो, बस की.

"मग तो कोट..." स्टूरे म्हणाला.

"कोट घातला की घरी सांगता येतं, कामावर चालले. आणि बाहेर कुणी विचारत नाही, बाई, तू या वेळेला इथे कशी."

"आम्हीही नाही गं विचारलं," स्टूरे म्हणाला. "एकदाही नाही. एवढी वर्षं."

"म्हणून तर आले ना दर रविवारी!" गुन्वोर म्हणाली. अगदी सहज, दोन नि दोन चार म्हणावं तसं. मग तिनं मूठ उघडून फासा टेबलावर ठेवला. "एवर्ट मारायचा बिरायचा नाही, हां. उगाच काही मनात आणू नका. बोलायचा नाही, एवढंच. आठवडाच्या आठवडा. शेवटी शेवटी मला वाटायचं, मी आहे की नाही तेच नक्की नाही. इथे यायचे, तुम्ही म्हणायचात, गुन्वोर, ये बाई."

मला रडू फुटलं. मी काही असं-तसं रडत नाही, नाक-डोळे सगळं वाहतं. तिनं तिचा कॉफीचे डाग पडलेला रुमाल माझ्याकडे फेकला.

मेल्करनं लॅपटॉप आपल्याकडे वळवला. त्यावर नवा, आवळलेला नकाशा होता. त्यानं टूवाच्या गावाबाहेर, दिवे दिसतील एवढ्याच अंतरावर, एक बारीकसं छप्पर काढलं. मग पुढच्या गावाबाहेर एक. मग त्याच्या पुढच्या.

"अंतरं दुरुस्त करणार मी," तो म्हणाला. "पण खोपी इथे राहतील. गावाच्या कडेला. मागच्या पानावर नाही, नकाशावर." त्यानं दाढी खाजवली. "लोक विचारतील, घर इतकं जवळ असताना खोप कशाला."

"विचारू देत. खोपीवालीनं नाही विचारलं म्हणजे झालं."

"आणि नियम काय लिहू? जखम तर कुठेही भरते आता. फासे कशासाठी टाकायचे?"

"फासे नकोत. लिही, बूट काढ, पाय शेक. आणि लाकडाचं राहू दे."

मेल्करनं तसंच लिहिलं. पुस्तक आलं की बघा, शब्दसुद्धा बदललेला नाही. मग त्यानं खुर्चीत मागे रेलून, स्टूरेसारखंच, पण जरा चाचरत म्हटलं, "टूवाला गावाबाहेर एक खोप दिसते. गुन्वोर, ये बाई." आणि गुन्वोरनं स्वतःच्याच टूवासाठी दार उघडलं. खोपीत या खेपेला कोण होतं, सांगू? एक दाढीवाला बुटका. मोडक्या कुऱ्हाडीनं बटाटे सोलत बसलेला आणि एक अक्षर न बोलणारा. "जगात सगळ्यात अशक्य गोष्ट," स्टूरे म्हणाला, आणि मी त्याला रुमाल फेकून मारला.

कप धुतले, भरतकामवाल्यांसाठी यंत्रात कॉफी भरून ठेवली आणि बाहेर पडलो. चौकात मी नेहमीसारखी डावीकडे वळले, तर गुन्वोर तिथेच उभी.

"मायलिस," ती म्हणाली. "येतेस का घरी? पातळ भाकरी आहे. जवळच आहे."

दहा मिनिटं चाललो. माझ्या मनात किती प्रश्न होते म्हणून सांगू! एवर्ट कधीपासून असा, पोरंबाळं का नाहीत, सोडून का नाही गेलीस, मला का नाही सांगितलंस, मला? एकेक शब्द जिभेवर येऊन बसला होता. तिनं दार उघडलं. चुलीपाशी टोपलीत फोडलेलं सुकं लाकूड रचून ठेवलेलं होतं, वर बर्चची साल. तिनं काडी ओढली.

मी बूट काढले आणि पाय शेकत बसले.